हम्पबॅक देवमाशांचा अभ्यास कसा होतो, हे मुलांना कसं शिकवायचं?

हम्पबॅक देवमाशाची माहिती मुलांना सांगणं सोपं आहे. लांबी साधारण चौदा मीटर, वजन तीस टनांच्या आसपास, नर गातात, उन्हाळ्यात थंड समुद्रात खातात आणि हिवाळ्यात उबदार समुद्रात पिल्लांना जन्म देतात. दहा मिनिटांत फळा भरतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी बोटीत बसून, भिजून, वर्षानुवर्षं फोटो लावून मिळवलेलं आहे. मला वाटतं, मुलांपर्यंत पोचवायची गोष्ट ती आहे. म्हणून या सगळ्या तासिकांमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा : हे कळलं कसं?

पाचवी ते आठवीच्या मुलांना हे छान जमतं. चार-पाच तासिका हाताशी ठेवा. सामान म्हणाल तर सुतळी, फक्की, कार्डशीट, काळा आणि पांढरा रंग, पिशवीभर चिंचोके, जगाचा नकाशा आणि एक मोबाइल. खास विकत आणावं असं काही नाही.

पहिली पायरी : मैदानावर देवमासा काढा

सुतळी मोजून चौदा मीटरची रेघ आखा आणि तिच्याभोवती फक्कीने देवमाशाचा आकार काढा. दोन्ही बाजूंचे पर विसरू नका. हम्पबॅकचे पर अंगाच्या जवळजवळ एक-तृतीयांश लांब असतात, म्हणजे एकेक पर साडेचार मीटरचा. मुलांना आत झोपू द्या, किती जण मावतात ते मोजू द्या. हा भाग घाईत उरकू नका. वहीतले चौदा मीटर आणि पायाखालचे चौदा मीटर यांत फार फरक आहे.

मग विचारा : बोटीवरून यातलं किती दिसतं? दिसतो तो पाठीचा तुकडा, पाठीवरचा लहानसा पर आणि खोल बुडी मारताना वर आलेली शेपटी, तीही काही सेकंदच. तेवढाच भाग ठेवून बाकीची फक्की मुलांकडून पुसून घ्या. शास्त्रज्ञांच्या हाती एवढंच लागतं.

पुसण्याआधी एक काम उरकून घ्या. शाळेच्या गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्यावरून चित्राचा फोटो काढा, पण चित्राशेजारी एक मीटरची पट्टी ठेवायला विसरू नका. वर्गात आल्यावर फोटोतली पट्टी आणि फोटोतला देवमासा मोजायचा आणि त्रैराशिक मांडायचं. ड्रोनने देवमाशाची लांबी-रुंदी मोजतात ती याच गणिताने. तिथे पट्टीऐवजी ड्रोनची पाण्यापासूनची उंची ठाऊक असते. रुंदी मोजता आली की देवमासा धष्टपुष्ट आहे की उपाशी, याचा अंदाज येतो. मुलांचं उत्तर चौदा मीटर येणार नाही. फोटो तिरपा असेल तर बरंच चुकेल. का चुकलं ते त्यांनाच शोधू द्या. ड्रोन बरोबर डोक्यावर का न्यावा लागतो, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

दुसरी पायरी : शेपटीवरून ओळख पटवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

हम्पबॅकच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची जवळजवळ पांढरी, कुणाची पूर्ण काळी, बहुतेकांची मधलीच कुठलीतरी. मागची कड करवतीसारखी दातेरी असते आणि दात्यांची रचना दोघांची सारखी नसते. त्यात आयुष्यभराचे व्रण भर घालतात : ऑर्का या शिकारी सागरी प्राण्याच्या दातांच्या समांतर रेघा, अंगाला चिकटून बसणाऱ्या बार्नॅकलचे गोल वळ, दोरखंडाचे काप. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये १९७० च्या दशकात स्टीव्हन कॅटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फोटोंची सूची करायला घेतली. ती आजही वाढते आहे.

त्याच दशकात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एक मादी दिसली. पाठीवरच्या परावर मीठ सांडल्यासारखे पांढरे डाग होते, म्हणून तिचं नाव पडलं ‘सॉल्ट’. पुढे तीच मादी दूर दक्षिणेला डॉमिनिकन रिपब्लिकजवळच्या उबदार पाण्यात ओळखली गेली आणि उन्हाळ्यातलं खाण्याचं ठिकाण व हिवाळ्यातलं विणीचं ठिकाण यांचा धागा जुळला. सॉल्टला डझनाहून जास्त पिल्लं झाली. क्रिस्टल, साल्सा, टबॅस्को, वसाबी ही त्यांतल्या काहींची नावं. मुलांना ही नावं फार आवडतात.

आता खेळ. प्रत्येक मुलाने कार्डशीटवर एक शेपटी काढायची. मधली खाच, डावा भाग, उजवा भाग, काळ्या-पांढऱ्याची वाटणी, कडेचे दाते आणि निदान दोन व्रण. मागे नाव लिहायचं, पण ते शेपटीवरच्या खुणेवरून सुचलेलं हवं. मुलाचं किंवा मुलीचं नाव द्यायचं नाही. मेनच्या आखातातले संशोधकही माणसांची नावं टाळतात, कारण नावावरून नर-मादीचा उगाच ग्रह होतो. ‘विळा’, ‘फुटकी पाटी’, ‘दोन थेंब’ अशी नावं आली की समजा, मुलांनी नीट पाहिलंय. या पत्त्यांचा गठ्ठा म्हणजे वर्गाची सूची.

मग त्यातल्या निम्म्या मुलांना सांगा : तुमचाच देवमासा पाच वर्षांनी पुन्हा काढा. एखादा नवा व्रण घाला, शेपूट थोडी तिरपी काढा, एक कोपरा पाण्याखाली गेलेला दाखवा. मागे नाव लिहू नका. या नव्या पत्त्यांत तुम्ही स्वतः काढलेले तीन-चार अगदी अनोळखी देवमासे मिसळा आणि जुळवायला द्या.

मुलं आधी रंग बघतात आणि तिथेच फसतात. काळ्या शेपट्या एकमेकींसारख्या दिसतात, शिवाय पिल्लाच्या शेपटीवरचा रंग पहिल्या वर्षा-दोन वर्षांत बदलूही शकतो. तेव्हा बोट ठेवून क्रम दाखवा : आधी खाचेचा आकार, मग खाचेपासून टोकापर्यंत कडेचे दाते, मग व्रण, आणि रंग सगळ्यात शेवटी. व्रण वाढतात, पण असलेला खोल व्रण सहसा नाहीसा होत नाही. जुळणी झाली असं दोन मुलांनी एकमेकांना न विचारता सांगितलं तरच ती पक्की धरा. ‘नक्की सांगता येत नाही’ अशी एक वेगळी चळत ठेवा आणि त्या चळतीत पत्ता टाकणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. जबरदस्तीने जुळवण्यापेक्षा ते जास्त शास्त्रीय आहे.

आता हे काम संगणकही करतो. २०१५ साली सुरू झालेल्या हॅपीव्हेल या संकेतस्थळावर जगभरातले पर्यटक आणि संशोधक शेपट्यांचे फोटो टाकतात आणि प्रणाली जुळणी सुचवते. एक नर कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ दिसला होता आणि २०२२ मध्ये तोच झांझिबारजवळ सापडला. दोन ठिकाणांतलं अंतर १३,००० किलोमीटरहून जास्त. हे फक्त शेपटीच्या फोटोंवरून कळलं. पण यंत्राची गोष्ट मुलांनी हाताने जुळवून झाल्यावरच सांगा, आधी नको.

तिसरी पायरी : चिंचोक्यांची मोजणी

समुद्रातले सगळे देवमासे कुणी मोजू शकत नाही. मग ‘एवढे आहेत’ असं कशावरून म्हणतात?

पिशवीत चिंचोके भरा. किती आहेत ते तुम्ही मोजून ठेवा, मुलांना सांगू नका. समजा २०० आहेत. मुलांनी त्यातले ४० काढून प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ही झाली पहिल्या वर्षी फोटो काढलेली जनावरं. वाळले की परत टाका, पिशवी भरपूर हलवा आणि न बघता ५० काढा. त्यात ठिपकेवाले १० निघाले, तर ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे २००. प्रत्यक्षात आकडा दर वेळी वेगळा येईल. चार गटांना चार वेळा करू द्या आणि सगळी उत्तरं फळ्यावर लिहा.

आता मागच्या पायरीशी सांधा जोडा. समजा त्या १० पैकी २ ठिपके आपल्या नजरेतून सुटले, म्हणजे तोच देवमासा असून आपण त्याला नवा समजलो. मग भागाकार ८ ने होतो आणि उत्तर २५० येतं. ओळख चुकली आणि समुद्रात नसलेले ५० देवमासे कागदावर जन्माला आले! जिथे मुळातच थोडी जनावरं उरली आहेत, तिथे अशी चूक फार महागात पडते. ओमानच्या किनाऱ्याजवळच्या हम्पबॅकची संख्या याच पद्धतीने काढली तेव्हा अंदाज आला सुमारे ८२. त्यात दहा-वीस खोटे मिसळले तर काय होईल, हे मुलांना विचारा.

चौथी पायरी : गाणं कागदावर उतरवा

हम्पबॅकचं गाणं वर्गात ऐकवा. इंटरनेटवर ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. पहिल्यांदा मुलं हसतात, हसू द्या. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकवा. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल द्या : आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली, गुरगुर असेल तर नागमोडी. पाच मिनिटांत मुलांच्या लक्षात येतं की तेच तुकडे परत येताहेत. रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे या संशोधकांनी १९७१ मध्ये हेच दाखवून दिलं. ध्वनिलेखांचे कागद पुढ्यात घेऊन त्यांनी सिद्ध केलं की ही नुसती ओरड नाही, त्यात ठरलेली रचना आहे. सुटे स्वर मिळून ओळ होते, तीच ओळ पुन्हा पुन्हा येऊन कडवं होतं आणि कडवी ठरलेल्या क्रमाने येऊन गाणं होतं. एक गाणं दहा-वीस मिनिटं चालतं आणि नर ते तासन्‌तास आळवत राहतो.

याहून विलक्षण म्हणजे गाणं बदलतं, आणि एका भागातले सगळे नर मिळून बदलतात. दक्षिण प्रशांत महासागरात तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं नवं गाणं बेटाबेटांवरून पूर्वेकडे फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचल्याचं एलन गारलँड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं. वर्गात हे करून बघता येतं. बाकांच्या रांगांना ऑस्ट्रेलिया, न्यू कॅलेडोनिया, टोंगा, कुक बेटं, फ्रेंच पॉलिनेशिया अशी नावं द्या. पहिल्या रांगेने तीन ओळींचं ‘गाणं’ रचायचं, शेजारच्या रांगेने ऐकून उचलायचं आणि पुढे द्यायचं. दरम्यान पहिली रांग नवं गाणं सुरू करते. प्रत्येक रांगेतला एक जण काय ऐकू आलं ते रेघांनी टिपत राहील. शेवटी हे कागद भिंतीवर लावले की कोणतं गाणं कधी कुठे पोचलं ते दिसतं.

पाचवी पायरी : आपल्या समुद्राकडे या

इथे मुलं चकित होतात. हम्पबॅक अरबी समुद्रातही आहेत आणि ते जगावेगळे आहेत. बाकीचे हम्पबॅक ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जाऊन येतात, हे मात्र वर्षभर इथेच राहतात. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळे आहेत. मुख्यतः १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून या समुद्रातले २४२ हम्पबॅक मारले. त्याचा तपशील जगापुढे आला तो १९९० च्या दशकात. तिसऱ्या पायरीतला ८२ हा आकडा आता पुन्हा फळ्यावर लिहा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मासिराच्या आखातात एका मादीला उपग्रह-टॅग लावला. शेपटीवर लोबानाच्या झाडासारखी खूण होती, म्हणून ती ‘लुबान’. लुबान अरबी समुद्र ओलांडून थेट केरळच्या बाजूला आली, कन्याकुमारीच्या दिशेने गेली आणि पुन्हा ओमानला परतली. नकाशावर २० उत्तर, ५८ पूर्व इथे एक टाचणी लावा आणि १० उत्तर, ७६ पूर्व इथे दुसरी. मध्ये दोरा ताणून नकाशाच्या प्रमाणाने अंतर काढायला लावा. सरळ रेषेतच ते दोन हजार किलोमीटरच्या वर भरतं. टॅगचे संकेत देवमासा वर आल्यावरच उपग्रहाला मिळतात, कारण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. म्हणून लुबानच्या वाटेची अखंड रेघ मिळत नाही, सुटे बिंदू मिळतात. ते जोडताना मधली वाट आपण गृहीत धरतो, हेही मुलांना सांगा.

आणि गोवा! २०१७ मध्येच गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकात हम्पबॅकचं गाणं सापडलं. देवमासा कुणाला न दिसताही तो तिथे होता हे कळलं. कोकण-गोव्यातल्या वर्गात हे सांगताना चौथ्या पायरीचे कागद भिंतीवरच राहू द्या.

सहावी पायरी : किती जवळ जायचं?

नमुना घेण्यासाठी धनुष्यासारख्या यंत्राने पोकळ टोकाचा बाण मारतात आणि कातडी-चरबीचा छोटासा तुकडा काढतात. त्यावरून नर की मादी, नातं काय, हे समजतं. मुलं लगेच विचारतील, त्याला दुखत नाही का? प्रश्न टाळू नका. क्षणभर देवमासा दचकतो, कधी बुडी मारतो. म्हणूनच हे परवान्याशिवाय करता येत नाही. दोन गट करून वाद घालू द्या : फोटोवर भागत असेल तिथे बाण मारावा का?

तपासणी कशी करावी

लेखी परीक्षेत लांबी-वजन विचारू नका. एक खरी बातमी द्या : उत्तर प्रशांत महासागरातल्या हम्पबॅकची संख्या २०१२ मध्ये सुमारे ३३,५०० होती, ती २०२१ पर्यंत सुमारे २६,७०० वर आली. मधल्या काळात समुद्र फार तापला होता आणि अन्न घटलं, असं संशोधक सांगतात. मग तीन प्रश्न. हे आकडे आपण केलेल्या कोणत्या पायऱ्यांवरून आले असतील? कुठली चूक झाली तर आकडा फुगेल? देवमासे उपाशी होते का, हे तपासायला तुम्ही कोणतं साधन वापराल? तिसऱ्या प्रश्नाला गच्चीवरच्या फोटोची आठवण कुणाला येते ते बघा. आणि वर्गाची शेपट्यांची सूची फेकू नका. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती द्या आणि त्यात भर घालायला सांगा.