केळशीला फोन बंद ठेवून राहायचं असेल तर

रेंज नसलेलं गाव शोधत बसू नका. दापोली तालुक्यातल्या केळशीलाही आता मोबाइल चालतो, आणि जिथे चालत नाही तिथे आपलीच माणसं टेकाडावर चढून दोन काड्या मिळवतात. फोन आपणच बंद करायचा असतो. पण नुसत्या निग्रहावर तो बंद राहत नाही. दिवसभरात तो जी पाच-सात कामं करतो, त्यांची दुसरी सोय निघण्याआधी लावायची. मग हात सारखा पर्सकडे जात नाही.

मी जीएसटीची रिटर्नं भरते, त्यामुळे माझी सुट्टी २० तारखेनंतरच. तुमच्याही कामात अशी एखादी तारीख असेलच, ती उलटली की निघा. वीजबिल, हप्ते आधी उरकून टाका, कारण ओटीपीसाठी फोन चालू केला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. गिऱ्हाइकांना ‘सुट्टीवर आहे’ असं मोघम सांगू नका. त्यावर ‘दोनच मिनिटं हं मॅडम’ येतं. ‘सोमवारी अकराला मीच फोन करते’ म्हटलं की गप्प बसतात.

घरच्यांना, जिथे उतरणार त्या काकूंचा नंबर द्या आणि एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. पोचल्याचा निरोपही काकूंच्या फोनवरूनच. तुम्हाला लागतील ते नंबर वहीत उतरवून घ्या. आता स्वतःच्या नवऱ्याचा नंबरसुद्धा कुणाला पाठ नसतो.

पैसे रोख, आणि तेही शंभर-पन्नासच्या नोटांत. मनगटी घड्याळ हवं. बॅटरी, म्हणजे टॉर्च, तर हवीच हवी: जांभ्याच्या दगडी गडग्यांत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं, मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. रात्री पाखाडीवरून अनवाणी किंवा अंधारात चालायचं नाही.

आता भरती-ओहोटी. लोक यासाठी हमखास फोन उघडतात, आणि याच कामाला तो सगळ्यात कमी लागतो. कालनिर्णय बघून तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तशीच पहाटेही. अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण फिरायला जाण्यापुरतं हे भरपूर झालं.

यावरून सुट्टीची तिथीही ठरवता येते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी आणि चालायला लांबरुंद ओली पुळण. अष्टमीला नेमकी संध्याकाळी भरती, किनारा अरुंद. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या या उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात चढतं-उतरतं. भारजा नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीची ओढ फार असते, त्या बाजूला पाण्यात उतरू नका. पोहण्याबद्दल गावातल्या कोळ्यांना विचारा, ते नको म्हणाले की नको.

पोचल्याबरोबर फोन बंद करून काकूंच्या हातात द्या. मी म्हटलं होतं, “काकू, मी मागितला तर आधी कशाला हवाय ते विचारा.” त्या म्हणाल्या, “विचारते कशाला बाई, कपाटाची किल्लीच नाही देणार.”

सकाळ-संध्याकाळ निभावते. कठीण असते ती दुपार. जेवणात सोलकढी झालेली असते, गाव झोपलेलं असतं, आणि आपल्याला उगाचच काहीतरी बघावंसं वाटतं. पुस्तक न्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. हाताला काम हवं. एप्रिल-मे असेल तर आमसुलं घालायला बसा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया-गर काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायची, वाळली की पुन्हा रसात. हे पुन्हा पुन्हा करायचं, तेव्हा कुठे साल काळपट होते. बोटं लाल आणि चिकट झाल्यावर फोन हातात धरायची सोयच राहत नाही. शिवाय काकू बोलत असतात, त्यांच्या सुनेबद्दलचं तर कुठल्याच मालिकेत मिळणार नाही.

फोटोंचं ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर सूर्यास्ताचे फोटो सगळ्यांकडे आहेत, माझे आणखी नकोत.

परतताना फोन एसटीत चालू करू नका, मळमळेल. घरी आंघोळ झाल्यावर करा. आधी मिस्ड कॉल बघा, मग ऑफिसचे मेल. फॅमिली ग्रुपवरच्या तीन-चारशे मेसेजना हातही लावायचा नाही, ‘क्लिअर चॅट’ दाबा. कुणाचं लग्न ठरलं असेल तर मावशी फोन करतेच.