म्हैस व्यायच्या आधी गोठ्यात काय काय तयार ठेवायचं: वहीपासून रक्ताच्या ट्यूबपर्यंत

ज्यांच्या म्हशी यंदा श्रावण-भाद्रपदात व्यायला आल्यात त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि ज्यांना व्हेटर्नरी कॉलेजवाल्यांनी किंवा दूध संघाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की वार (जार) अडकणं आणि गर्भपिशवीचा दाह कोणत्या म्हशीला होतो ते शोधायला तुमच्या गोठ्यातली सॅम्पल घ्यायचीत, जीन बघायचेत, इम्युनिटीचे मार्कर बघायचेत, त्यांनी तर नक्की वाचा. लॅब चांगली असते, मशीन चांगलं असतं, आणि तरी रिपोर्ट वाया जातो, का तर गोठ्यातली तारीख चुकलेली असते नाहीतर म्हैस आजारी पडल्यावर कोणीतरी धावत जाऊन रक्त काढलेलं असतं. आजारी म्हशीचं रक्त एवढंच सांगतं की म्हैस आजारी आहे, ते तर आपल्याला शेपटीला लागलेला पू बघूनच कळलेलं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळी तयारी त्यावरच आहे. जीन म्हणजे डीएनएचा तुकडा, तो रेडकू जन्मल्यापासून म्हैस म्हातारी होईपर्यंत तोच राहतो, त्यामुळे त्याचं सॅम्पल कधीही घ्या, भाकड काळात घ्या, नाहीतर निवांत वेळ असेल तेव्हा घ्या. इम्यून मार्कर, म्हणजे शरीर रोगाशी लढताना रक्तात कमी-जास्त होणारे पदार्थ, मात्र दिवसागणिक, कधी कधी तासागणिक बदलतात, आयएल-६, आयएल-८, टीएनएफ, हॅप्टोग्लोबिन, सीरम अमायलॉइड ए ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. रान काळं आहे की मुरमाड ते ठरलेलं असतं पण आज ओल किती आहे ते आजच बघावं लागतं, तसंच हे. म्हणून डीएनएच्या ट्यूबवर टॅग नंबर असला तरी भागतं, पण मार्करच्या ट्यूबवर व्याल्यापासून कितवा दिवस हे नसेल तर ती ट्यूब फेकून दिलेली बरी.

तर पहिली तयारी वहीची. रेतन कधी झालं ती तारीख शोधा, त्यात ३१० दिवस मिळवा, थोडे दिवस इकडेतिकडे होतं पण अंदाज येतो. त्या तारखेच्या साठ दिवस आधी म्हैस आटवलेली पाहिजे, आणि तीन आठवडे आधीपासून खरं लक्ष सुरू. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे हा काळ सगळ्यात नाजूक, चीक बनायला लागतो, कॅल्शियम कासेकडे ओढलं जातं, खाणं कमी होतं, अंगावरची चरबी वितळून रक्तात यायला लागते आणि नेमक्या त्याच वेळी पांढऱ्या पेशी मंदावतात. गायींवर झालेल्या कामात दिसलंय की ज्यांची वार पुढे अडकली त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) व्यायच्या आधीपासूनच सुस्त होत्या आणि रक्तात आयएल-८ पण कमी होतं, म्हणजे वार अडकण्याचं मूळ व्यायच्या रात्री नसतं, ते आधीच सुरू झालेलं असतं. म्हणूनच मी सारखी सांगते की एक सॅम्पल आधीचं हवं, अंदाजे तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचं. एवढं एक नसेल तर नंतर कितीही ट्यूब भरल्या तरी तुलना कशाशी करणार?

वहीत अजून काय काय, तर कितवं वेत, मागच्या वेताला वार अडकली होती का, अंग बाहेर आलं होतं का (म्हशीत व्यायच्या आधी अंग बाहेर येण्याचा त्रास बराच दिसतो, हे विसरू नका), गाभ कधी टाकला होता का, आणि अंगावर मांस किती आहे ते. शरीराचा स्कोअर १ ते ५ मध्ये देतात, व्यायला येताना ३ ते ३.५ असावा, बरगड्या मोजता येतात अशी म्हैस आणि पाठीवर चरबी साचलेली म्हैस दोन्ही अडचणीच्या. खुराकात मिनरल मिक्श्चर रोज पाहिजे, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई ची कमतरता वार अडकण्याशी जोडलेली आहे, पण सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते, तेव्हा इंजेक्शन मेडिकलमधून आणून आपल्या मनानं टोचू नका.

गाभ टाकल्याचा इतिहास असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या जंतूची) तपासणी करून घ्या. तो माणसाला पण होतो, ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि वार हातानं ओढणाऱ्या घरच्या बायांना धोका सगळ्यात जास्त. लांब बाह्यांचे ग्लोव्हज, गमबूट, आणि पडलेली वार पुरायला चुना टाकून खड्डा, हे तिन्ही आधीच तयार ठेवा, पहाटे तीन वाजता चुना कुठून आणणार. वगारी ४ ते ८ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस मिळते, आयुष्यात एकदाच, आणि ती फक्त माद्यांना, तर लस कोणाला झालीय ते पण वहीत पाहिजे.

आता ट्यूबा. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची ट्यूब डीएनएसाठी, लाल झाकणाची साधी ट्यूब सीरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पिवळसर पाण्यासाठी. हिरव्या झाकणाची हेपरीनची ट्यूब डीएनएसाठी चालवून घेऊ नका, हेपरीनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून केलेली तपासणी) अडतो. जीन किती जोरात काम करतोय हे बघायचं असेल, म्हणजे आरएनए, तर त्याची वेगळी ट्यूब लागते ज्यात आरएनए टिकवणारं द्रावण असतं, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्त पडल्या पडल्या आरएनए बदलायला लागतो. ती ट्यूब महाग असते आणि गावात मिळत नाही, त्यामुळे कॉलेजकडूनच आधी मागून घ्या. रक्त डॉक्टरच काढतील पण तुम्ही लक्ष ठेवा, ईडीटीएची ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, झटकायची नाही. लाल ट्यूब सावलीत अर्धा-पाऊण तास उभी ठेवून गोठू द्यायची, मग सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरागरा फिरवणारं यंत्र), मग सीरम छोट्या छोट्या भागात करून गोठवायचं म्हणजे एकच ट्यूब वितळव-गोठव करत बसावी लागत नाही. सीरम गुलाबी-लाल दिसत असेल तर रक्तपेशी फुटल्यात, बारीक सुईनं जोरात ओढलं की हे होतं, आणि हॅप्टोग्लोबिन तर हिमोग्लोबिनलाच चिकटतं, मग तो आकडा कोणी मानायचा. थर्माकोलचा डबा आणि आईस पॅक आदल्या दिवशी तयार, पण ट्यूब थेट बर्फावर टेकवू नका, मधे कागद घाला. ट्यूबवर मार्करनं लिहायचं, वर चिकटपट्टी लावायची, आणि नंबर लिहायचा तो कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी, "मोठी म्हैस", "काळी" असलं लिहिलेलं मी लॅबला पाठवत नाही.

व्यायच्या दिवशीची तयारी म्हणजे कोरडी जागा, स्वच्छ भुसा नाहीतर पाचट, कोमट पाणी, थर्मामीटर, टॉर्च, घड्याळ, आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठीचा सरकारी १९६२ हा नंबर फोनमध्ये. पाण्याची पिशवी फुटून तास-दोन तास झाले आणि पुढे काही सरकत नाही, किंवा म्हैस कळा देतेय पण पिशवीच दिसत नाही, तर वाट बघू नका, म्हशीत गर्भपिशवीला पीळ पडणं हे अडण्याचं मोठं कारण आहे आणि त्यात जेवढा उशीर तेवढं पिशवीचं नुकसान. रेडकू बाहेर आलं की घड्याळ बघून वेळ लिहा. वार साधारण बारा तासांच्या आत पडते, चोवीस तास झाले तरी लोंबत असेल तर अडकली असं धरायचं. या बारा तासांत लोक काय काय करतात ते बघून जीव कळवळतो, लोंबत्या वारेला वीट बांधतात, चप्पल बांधतात, ओढून अर्धी तोडतात आणि अर्धी आतच राहते. कृपा करून हे करू नका. लोंबणारा भाग जमिनीला लागत असेल तर तेवढाच कापा आणि डॉक्टरांना बोलवा. रेडकाला चीक पहिल्या तासा-दोन तासात पाजा, वार पडायची वाट बघत थांबायचं ही जुनी समजूत सोडून द्या, उलट रेडकू सडाला लागलं की म्हशीच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवीला आकुंचन येतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, व्याल्याच्या दिवशीचं हॅप्टोग्लोबिन धड निरोगी म्हशीचं पण वर जातं, म्हैस अडली असेल, पहिलं वेत असेल तर अजून वर. त्यामुळे तो एक आकडा बघून घाबरायचं नाही. तो उतरतोय की चढतोय ते बघायचं, म्हणून नंतरची सॅम्पल तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ठरवून घ्या. सोबत पहिले दहा दिवस रोज सकाळी ताप बघा, तो पण म्हैस डबक्यात जायच्या आधी, सावलीत, कारण पाण्यात बसून आलेल्या म्हशीचा ताप खरा कळत नाही. १०३ च्या वर ताप, खाणं कमी, दूध कमी, आणि खालून पातळ, लालसर-तपकिरी, घाण वासाचं पाणी, हे गर्भपिशवीचा दाह, मेट्रायटिस, त्यात थांबायचं नाही.

मग एकविसावा दिवस, हा बहुतेक जण चुकवतात कारण म्हैस खातेय, दूध देतेय, सगळं ठीक वाटतं. त्या दिवशी सकाळी म्हैस बसलेली असताना मागे जाऊन बघा, बसल्यावर पोटाचा दाब येतो आणि जे आत असतं ते बाहेर येतं. ग्लोव्हज घालून तो स्राव तळहातावर घ्या आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघा. काचेसारखा स्वच्छ असेल तर शून्य लिहा, स्वच्छ स्रावात पांढरे ठिपके तरंगत असतील तर एक, निम्म्यापर्यंत पू असेल तर दोन, निम्म्याहून जास्त पू असेल तर तीन. हाच आकडा पुढे जीनच्या रिपोर्टशेजारी बसणार आहे, तुमच्या तळहातावरचा. आणि जिथे बाहेर काहीच दिसत नाही पण म्हैस उलटतच राहते (गाभण ठरत नाही) तिथे छुपा एंडोमेट्रायटिस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा दाह, असू शकतो, तो बारीक ब्रशनं पिशवीच्या आतल्या पेशी घेऊन काचेवर न्यूट्रोफिल किती टक्के आहेत ते मोजून कळतो, व्याल्यानंतर पाचव्या आठवड्याच्या आसपास डॉक्टरांकडून ते करून घ्या.

मार्कर फक्त गर्भपिशवीबद्दल बोलत नाहीत हे पण ध्यानात असू द्या. कासदाह असला तरी हॅप्टोग्लोबिन वाढतं, खूर सुजला तरी वाढतं, लस टोचल्यावर पण काही दिवस वर राहतं. म्हणून सॅम्पलच्या दिवशी चारही सडांची सीएमटी (कासदाहाची चाचणी) करा, पाय बघा, आणि घटसर्पाची किंवा लाळ्या-खुरकताची लस कधी झाली ते लिहा, आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर लसी आणि पावसाळ्यात वेत, दोन्ही एकमेकाला चिकटून येतात.

राहिला जीनचा भाग. टीएलआर-४ नावाचा जीन पेशीच्या पृष्ठभागावरचा पहारेकरी बनवतो जो ई. कोलाय या जंतूच्या कवचाचा अंश ओळखतो, आणि व्याल्यानंतर पिशवीत पहिल्यांदा घुसणाऱ्यांत ई. कोलायच असतो, मागून ट्रुपेरेला पायोजेनेस हा दुसरा जंतू येतो आणि पू होतो. म्हणून या जीनमधल्या एका अक्षराच्या फरकांकडे अभ्यासकांचं लक्ष आहे, सोबत टीएलआर-२, आयएल-८ आणि त्याला पकडणारे रिसेप्टर. पण कोणी एका जीनच्या रिपोर्टवर म्हैस विकायला सांगत असेल तर ऐकू नका. असे आजार एका जीनवर नसतात, अनेक जीनचा थोडा थोडा वाटा असतो आणि गायींच्या आकडेवारीत तर अनुवंशाचा एकूण वाटाच कमी निघतो, बाकी सगळं गोठा, खुराक आणि हात. तरी शेकडो-हजारो म्हशींची माहिती एकत्र आली की तो थोडा वाटा वळूच्या निवडीत कामाला येतो. गायीचे क्रोमोसोम ६०, आपल्या म्हशीचे ५०, त्यामुळे गायीची चिप (एकाच वेळी हजारो ठिकाणचा डीएनए तपासणारी पट्टी) उचलून म्हशीला लावून भागत नाही, म्हशीची वेगळी महिषचिप ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशिममध्ये जाहीर झाली. मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी, मेहसाणा, जी असेल ती जात लिहा, संकर असेल तर संकर लिहा, भाव यावा म्हणून पंढरपुरीला मुऱ्हा म्हणू नका, जातींची सरमिसळ झाली की जीनचा आणि आजाराचा खोटाच संबंध दिसायला लागतो.

आणि वळूचा नंबर. रेतनाच्या स्ट्रॉवर तो छापलेला असतो, रेतन झालं की स्ट्रॉ शेणात फेकली जाते. यापुढे डॉक्टर दादांकडून ती मागून घ्या, मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच म्हशीच्या पानावर नंबर उतरवा, कारण तिची वगार तीन-चार वर्षांनी व्यायला येईल तेव्हा बापाचं नाव विचारलं जाणार आहे.