प्रॉक्सी चालत नसेल तर आधी पत्त्याचा क्रम बघा

प्रॉक्सी म्हणजे आपल्या आणि इंटरनेटच्या मधला सर्व्हर. विकणारा प्रॉक्सीची यादी देतो ती अशी: २०३.०.११३.२५:८०८०:रमा:गुपित, म्हणजे पत्ता, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर), युजरनेम, पासवर्ड. बहुतेक सॉफ्टवेअरला हवं असतं असं: एचटीटीपी://रमा:गुपित@२०३.०.११३.२५:८०८०. माल तोच, मांडणी उलटी. इंदुरात आमच्या विजयनगरच्या ऑफिसात नवी मुलं अख्खी यादी हातानं बदलत बसतात. गरज नाही.

१. यादी एक्सेलच्या पहिल्या कॉलमात चिकटवा. 'डेटा'मधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा, 'डिलिमिटेड' निवडा, 'अदर'च्या चौकटीत कोलन टाका.

२. शेवटच्या पायरीवर पासवर्डचा कॉलम 'टेक्स्ट' करा. हे विसरू नका. नाहीतर एक्सेल ००७४२ चं बिनदिक्कत ७४२ करतं आणि आपण दुपारभर प्रॉक्सीवाल्याला शिव्या घालत बसतो.

३. पाचव्या कॉलमात & वापरून जोडा: एचटीटीपी://, मग तिसरा कॉलम, कोलन, चौथा, @, पहिला, कोलन, दुसरा. एचटीटीपी:// आणि चिन्हं अवतरणात. फॉर्म्युला खाली ओढा, झालं.

पासवर्डमध्येच @ असेल तर त्याजागी %४० लिहा, # असेल तर %२३. प्रॉक्सी सॉक्स प्रकारची असेल तर सुरुवातीला सॉक्स५:// येतं. पोर्ट १०८० दिसला की बहुधा तीच, तरी विचारून घ्या.

ही यादी फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये मात्र टाकू नका, पासवर्ड परक्याच्या हाती जातात.

एवढं करून ४०७ एरर आली, तर पत्ता बरोबर आहे, युजरनेम-पासवर्ड तपासा.