साडेतीनशे जणांच्या वर्गात बिझनेसची पदवी कशी अभ्यासावी

पहिल्या वर्षी अकाउंट्सच्या पहिल्याच चाचणीत मी सपशेल नापास झाले. वर्गात आम्ही साडेतीनशे जण. सरांना माझं नावही ठाऊक नव्हतं, त्यामुळे बोलावून ‘काय झालं गं’ विचारण्याचा प्रश्नच आला नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठात तुम्ही बुडालात तरी पाण्यावर तरंग उठत नाही. पुढे सावरले, शेवटच्या वर्षी तर पहिल्या वर्षाच्या मुलांची ट्युटोरियल्सही घेतली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे कळलं ते लिहिते.

सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यात एकच काम करा. सगळ्या विषयांच्या चाचण्या, असाइनमेंट आणि प्रेझेंटेशनच्या तारखा एका कागदावर उतरवा. त्यात एक आठवडा असा निघतोच, ज्यात तीन गोष्टी एकावर एक येऊन पडतात. तो आधीच दिसला तर त्यातली एक गोष्ट पंधरा दिवस आधी हातावेगळी करता येते. त्याच कागदाच्या मागे लिहा, कुठला विषय कुठल्या विषयावर अडून आहे. फायनान्सला बहुतेक ठिकाणी अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्स आधी लागतात. त्यातला एक राहिला की पुढची सगळी साखळी सरकते. याबाबत विभागाच्या खिडकीवर कुणी तोंडी ‘चालेल हो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका, लेखी मागा. माझं एक सत्र अशाच ‘चालेल’पायी लांबलं.

आता अकाउंट्स. हा वाचायचा विषय नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं पटत जातं, मान डोलते, आणि कोरा कागद पुढे आला की पहिली नोंदही सुचत नाही. उत्तर झाकून ठेवा. स्वतः किर्द (व्यवहारांच्या तारखेवार नोंदी) लिहा, खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार) करा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, ज्याच्या दोन्ही बाजू जुळायला हव्यात) काढा, मगच उत्तर उघडा. एका बैठकीत दोनच उदाहरणं झाली तरी चालतील, पण ती शेवटपर्यंत न्या.

आणि तेरीज जुळली नाही तर रडत बसू नका, फरकाची संख्या बघा. माझ्या एका तेरजेत ५४० चा फरक येत होता आणि मी तासभर सगळ्या बेरजा पुन्हा पुन्हा करत होते. शेजारी बसलेल्या मुलीने नुसती संख्या पाहिली आणि म्हणाली, ‘नवाने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत बघ.’ खरंच, किर्दीतून खतावणीत उतरवताना ६,९३० चे ६,३९० झाले होते. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. तसंच फरक १,३०० असेल तर ६५० ची नोंद शोधा. ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते, कारण तेव्हा फरक दुप्पट दिसतो. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही दुहेरी नोंद पद्धत मांडली: प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे (डेबिट), दुसऱ्यात जमा (क्रेडिट). पाचशे वर्षांत तिचा सांगाडा बदललेला नाही, म्हणून तो एकदा हाडात मुरवला की सुटलात.

नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगलं, हा गैरसमज मात्र पहिल्याच आठवड्यात काढून टाका. तो येतो बँकेच्या पासबुकातून. तुम्ही पैसे भरले की तिथे ‘जमा’ दिसतं, कारण ते पुस्तक बँकेच्या नजरेतून लिहिलेलं असतं: बँक आता तुमचं देणं लागते. तुमच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. ट्युटोरियलमध्ये एवढं सांगितलं की निम्म्या चेहऱ्यांवर उजेड पडायचा.

फायनान्सची सूत्रं पाठ करण्याआधी एक उदाहरण हाताने करा. आज १०,००० गुंतवले, पुढची तीन वर्षं दर वर्षअखेर ४,००० परत आले. वरवर २,००० चा नफा. पण आपल्याला दहा टक्के परतावा हवा असेल तर दर वर्षासाठी एकदा १.१ ने भागून त्या तीन हप्त्यांची आजची किंमत होते ३,६३६, ३,३०६ आणि ३,००५, म्हणजे बेरीज ९,९४७. दिसायला नफ्यातला प्रकल्प ५३ ने तोट्यात! हे बोटांनी केलं की निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) म्हणजे काय ते पुन्हा विचारावं लागत नाही. मग खुशाल एक्सेल उघडा. एक्सेलच्या एनपीव्ही फंक्शनमध्ये मात्र पहिली रक्कमही एका वर्षानंतरची धरली जाते, म्हणून आजची गुंतवणूक बाहेर ठेवून वेगळी वजा करायची. या एका गोष्टीवर दरवर्षी किती असाइनमेंट आपटताना पाहिल्या!

स्टॅटिस्टिक्सला रोज थोडा वेळ द्या, त्याला दुसरा उपाय नाही.

मार्केटिंग आणि मॅनेजमेंट सोपे वाटतात आणि गुण तिथेच गळतात. मॅस्लोचा १९४३ चा गरजांचा क्रम, मॅकार्थीचे १९६० चे मार्केटिंगचे चार ‘पी’ (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन), पोर्टरची १९७९ ची उद्योगातल्या स्पर्धेची पाच बलं, सगळं पाठ असतं. पण उत्तरात कंपनीचं नाव बदललं तरी तेच उत्तर चालत असेल तर ते उत्तरच नव्हे. स्वॉटच्या (कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चौकोनात ‘मजबूत ब्रँड’ लिहिणाऱ्याला मी शेजारी एवढंच लिहायची: कोणापेक्षा? केस (एखाद्या कंपनीच्या खऱ्या पेचाची अभ्यासासाठी दिलेली हकिगत) वाचताना आधी पहिलं पान, मग थेट शेवटचे तक्ते, मग मधला मजकूर. निर्णय कोणाला घ्यायचाय आणि कधीपर्यंत, हे समासात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्रुप प्रोजेक्ट हा वेगळाच छळ. आमच्या पाच जणांच्या एका प्रेझेंटेशनमध्ये तिसऱ्या स्लाइडवर विक्रीची वाढ १२ टक्के होती आणि नवव्यावर १८. आदल्या रात्री सगळ्यांचे तुकडे चिकटवले होते, कोणी सलग वाचलंच नव्हतं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘यातलं खरं कोणतं?’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्यानंतर मी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लेखी ठरवून घ्यायला लागले: कोण काय करणार, सगळं दोन दिवस आधी एकत्र येणार, आणि शेवटची प्रत एकाच माणसाच्या हातात राहणार. काम न करणारा एखादा असतोच. त्याला आकड्यांचं काम कधी देऊ नका.

प्राध्यापक भेटीसाठी ठरावीक वेळ ठेवतात. ट्युटोरियल घेताना मी पाहिलं, तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीत शुकशुकाट आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जिन्यापर्यंत रांग. तिसऱ्या आठवड्यात जा, आणि अर्धं सोडवलेलं उदाहरण घेऊन जा. ‘चौथं प्रकरण कळलं नाही’ म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. ‘इथे घसारा दोनदा का धरला’ विचारणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि साडेतीनशेंमधला एक चेहरा सरांच्या लक्षातही राहतो.

परीक्षेत घड्याळ गुणांवर वाटा. तीन तास आणि शंभर गुण असतील तर एका गुणाला १०८ सेकंद, म्हणजे पंधरा गुणांच्या उदाहरणाला २७ मिनिटं. वेळ संपली की अर्धं पान कोरं सोडून पुढे जा. जिथे पायऱ्यांना गुण असतात तिथे केलेलं वाया जात नाही. शेवटच्या पेपरात माझा ताळेबंद ९० ने जुळला नाही. नवाने भाग जातोय हे दिसत होतं, हात शिवशिवत होता, तरी पान उलटलं. बाहेर आल्यावर पायरीवर बसून आठवून पाहिलं: ३,५४० च्या जागी ३,४५० लिहिले होते.