झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये बोलावं कसं, वागावं कसं

स्टोन टाउन म्हणजे टांझानियातल्या झांझिबार बेटावरच्या शहराचा जुना भाग. तिथले लोक त्याला 'म्जी म्कोंग्वे' म्हणतात, म्हणजे जुनं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. अशा गल्लीत अनोळखी माणूस असा फारसा राहत नाही. रोज दिसणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस होते, आणि तुम्ही चार दिवस राहिलात तर तुमचीही होणार. पाहुण्यांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात: ते विचारपूस टाळून थेट कामाचं बोलतात. स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, याला घाई म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात.

दुकानात पाण्याची बाटली घ्यायची आहे असं धरा. "पाणी. किती?" असं विचारलंत तर बाटली मिळेल, पण दुकानदाराचा चेहरा बंद होईल. त्याऐवजी आधी "हबारी झा असुबुही?" म्हणा, म्हणजे सकाळची काय खबर? तो म्हणेल "न्झुरी", छान, आणि लगेच तुम्हालाही विचारेल. तुम्हीही "न्झुरी" म्हणा. मग "नाओम्बा माजी", मला पाणी द्याल का. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. दुपारी 'असुबुही'च्या जागी 'म्चाना', संध्याकाळी 'जिओनी'. 'हबारी' म्हणजे आपलीच खबर, त्यामुळे विसरायचं कारण नाही. ओळख वाढली की घरची खबर, कामाची खबर, मुलांची खबर अशी माळ सुरू होते आणि प्रत्येकाला उत्तर 'न्झुरी' किंवा 'सलामा' असंच द्यायचं. तब्येत बरी नसली तरी आधी 'न्झुरी' म्हणायचं आणि मग 'लाकिनी', म्हणजे 'पण', असं म्हणून खरं सांगायचं. वाईट बातमीने उत्तराची सुरुवात करत नाहीत.

'नाओम्बा' हा शब्द पक्का करून ठेवा. शब्दकोशात 'मला हवंय' यासाठी 'नाताका' सापडतो आणि तो चूकही नाही, पण दुकानात, घरात, जेवताना तो हुकूम सोडल्यासारखा वाटतो. 'नाओम्बा' म्हणजे मी विनंती करतो. त्याला शेवटी 'तफाधाली', कृपया, जोडलंत तर उत्तमच.

'जाम्बो' हा शब्द टी-शर्टवर छापलेला असतो, म्हणून पाहुणे तोच उचलतात. कोणी तुम्हाला 'जाम्बो' म्हटलं तर त्याने तुम्हाला परका ठरवलं आहे एवढं समजा. खरी जोडी आहे 'हुजाम्बो?' आणि तिचं उत्तर 'सिजाम्बो'. 'हुजाम्बो'ला पुन्हा 'हुजाम्बो' म्हणू नका, प्रश्नाला प्रश्न होतो. समोर एकाहून जास्त माणसं असतील तर 'हाम्जाम्बो?' म्हणायचं, आणि तुमच्या बाजूला दोघे-तिघे असतील तर उत्तर 'हातुजाम्बो'. तरुण पोरं 'माम्बो?' म्हणतात, त्याला 'पोआ' म्हणावं. हे मात्र बरोबरीच्यांत. पांढऱ्या दाढीच्या माणसाला 'माम्बो' म्हणणं म्हणजे आजोबांना "काय रे" म्हणण्यासारखं आहे.

वडीलधाऱ्यांसाठी वेगळा शब्द आहे आणि तो मराठी माणसाला पटकन उमजतो: 'शिकामोऽ'. शेवट 'मू' नाही, लांबवलेला 'मो' आहे. मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. खाली वाकायचं नसतं, शब्द म्हणजेच नमस्कार. समोरचा 'मराहबा' म्हणतो आणि मगच पुढचं बोलणं. आपल्यापेक्षा ठळकपणे मोठ्या दिसणाऱ्या कोणालाही, मग तो घराचा पहारेकरी असो की मासळीवाला, हे म्हणावं. बरोबरीच्या किंवा लहान माणसाला म्हटलंत तर तो ओशाळतो. लहान मुलाने तुम्हाला 'शिकामोऽ' म्हटलं तर नुसतं हसून पुढे जाऊ नका, 'मराहबा' म्हणा. ते पोर उत्तराची वाट बघत उभं असतं. 'अस्सलामु अलेकुम' कानावर आलं तर 'वालेकुम सलाम' म्हणावं, धर्म कोणताही असो.

हस्तांदोलन उजव्या हाताने आणि जरा लांबलेलं असतं, विचारपूस संपेपर्यंत हात हातातच राहतो. स्त्री-पुरुषांमध्ये मात्र स्त्रीने हात पुढे केला तरच. नाही केला तर उजवा हात छातीवर ठेवून मान लववली की पुरतं.

आता मराठी कानाला फसवणाऱ्या शब्दांकडे. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! हॉटेलात वाढणाऱ्या मुलाला सवयीने "दादा" अशी हाक मारलीत तर तुम्ही त्याला ताई म्हटलंत. तरुण पुरुषाला 'काका', तरुण मुलीला 'दादा', आईच्या वयाच्या बाईला 'मामा', वडीलधाऱ्या पुरुषाला 'म्झेए'. 'बाबू' म्हणजे आजोबा, 'बिबी' म्हणजे आजी, 'नानी' म्हणजे कोण? दारामागून "नानी?" असा आवाज आला तर आजीला हाक मारली जात नाहीये, तुम्ही कोण ते विचारलं जातंय. दहाला 'कुमी' म्हणतात. त्यातली शेवटची ई स्वच्छ उच्चारा, कारण 'कुमा' ही अत्यंत घाणेरडी शिवी आहे आणि बाजारात दहाचा आकडा सारखा लागतो.

फसवणारे थोडे, ओळखीचे पुष्कळ. दुका म्हणजे दुकान, पेसा म्हणजे पैसा, हेसाबू म्हणजे हिशोब, साबुनी म्हणजे साबण, गारी म्हणजे गाडी, गुनिया म्हणजे गोणी, बंगिली म्हणजे बांगडी, लाकी म्हणजे लाख. कचुम्बारी, अचारी, चपाती, बजिया यांना तर भाषांतरच नको. काही अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले, काही हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर 'कास्काझी' वाऱ्यावर, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यावर, गलबतांतून आले. ज्या सुलतान बरघशने १८८३ साली इथला 'बैत अल-अजाइब' हा महाल बांधला, तो गादीवर येण्याआधी मुंबईत हद्दपारीत राहिला होता. उच्चाराचा नियम एकच: जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, ह-बा-री, क-रि-बू.

वेळेचा घोळ सगळ्यात महागात पडतो. झांझिबार विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सहा अंशांवर आहे, सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो आणि मावळतो. म्हणून स्वाहिली घड्याळ तिथूनच मोजतं. सकाळी ७ म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. सकाळी १० म्हणजे 'सा न्ने', चौथा. दुपारी १२ म्हणजे 'सा सिता', सहावा. रात्री ८ म्हणजे 'सा म्बिली उसिकू', रात्रीचा दुसरा. हिशोब सोपा आहे, ऐकलेल्या आकड्यात सहा मिळवा किंवा वजा करा. पण बिघडतं ते असं: तुम्ही "नऊ वाजता ये" याचं शब्दशः भाषांतर करून 'सा तिसा' म्हणता, गाडीवाला दुपारी तीनला हजर होतो, आणि तुमची बोट सकाळीच सुटलेली असते. बोटीच्या तिकिटावर छापलेली वेळ आपल्या घड्याळाची असते, तोंडी सांगितलेली बहुधा स्वाहिली. म्हणून वेळ ठरवताना दिवसाचा भाग जोडा ('सा तातू असुबुही', म्हणजे सकाळी ९) आणि मोबाइलवरचा आकडाही दाखवा.

वारांचंही तसंच. मोजणी शनिवारपासून सुरू होते. शनिवार 'जुमामोसी', पहिला. रविवार 'जुमापिली', दुसरा. सोमवार 'जुमातातू', मंगळवार 'जुमान्ने', बुधवार 'जुमातानो'. 'तातू' म्हणजे तीन हे पाठ झालेलं असल्यामुळे पाहुणा जुमातातूला बुधवार समजतो आणि दोन दिवस चुकतो. गुरुवार 'अल्हामिसी' आणि शुक्रवार 'इजुमा' हे अरबी वळणाचे. अल्हामिसीच्या पोटातही पाचच आहे, त्यामुळे लागोपाठ दोन वार 'पाचवे' येतात, एक स्वाहिली आकड्याचा, एक अरबी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, तेव्हा महत्त्वाचं काम सकाळी उरका.

कोणाच्या घरी गेलात तर कडी वाजवून थांबायचं नाही, तोंडाने "होदी!" म्हणायचं. आतून "करिबू", म्हणजे या, असं आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही आणि आत डोकवायचंही नाही. बायकांना डोक्यावरून कांगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं छापील कापड, ओढून घ्यायला तेवढा वेळ लागतो. तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर परत फिरावं. चपला दाराशी काढाव्यात. घराबाहेरच्या दगडी ओट्याला 'बराझा' म्हणतात. तो रिकामा दिसला तरी घरच्यांचा असतो. बसण्याआधी आसपासच्यांची विचारपूस करा, बहुतेक वेळा तेच सरकून जागा देतात.

कोणी खात असेल आणि तुम्ही जवळून गेलात तर तो "करिबू" म्हणेल. हे खरं आमंत्रण आहे, पण स्वीकारायलाच हवं असं नाही. "आसांते, निमेशिबा", म्हणजे आभार, पोट भरलंय, म्हटलं की मान राहतो. घास घ्यायचा तर उजव्या हाताने, आणि ताट एकच असेल तर आपल्या समोरच्या भागातला. रमझानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका, पाण्याचा घोटही आडोशाला. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पोहण्याचे कपडे समुद्रकिनाऱ्यापुरतेच. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, बुइबुई, म्हणजे अंगभर काळा झगा, घातलेल्या बायकांचा तर नाहीच. पोलीस, लष्कर आणि बंदराचेही नकोत.

'पोले' या शब्दाला मराठीत नेमका जोडीदार नाही. तुम्हाला ठेच लागली, हातात जड पिशवी आहे, प्रवास करून आलात, ताप आला, तर लोक 'पोले' म्हणतात. ही माफी नाही, तुमच्या त्रासात सहभागी होणं आहे. उत्तर 'आसांते'. "तुमची काय चूक?" असं म्हणू नका. माफी मागायला 'समाहानी' हा वेगळा शब्द आहे.

लग्न झालंय का, मुलं किती, हे पहिल्या भेटीत विचारतात आणि त्यात आगाऊपणा नसतो. पुरुषाला 'उमेओआ?' आणि बाईला 'उमेओलेवा?' असं विचारतात. उत्तर नकारार्थी असेल तर 'हापाना', नाही, असं तोडून सांगू नका. 'बादो' म्हणा, अजून नाही. साठीच्या माणसानेही 'बादो'च म्हणावं, कारण पुढचं कोणी सांगितलंय.

किंमत विचारायला 'बेई गानी?', कमी करायला 'पुंगुझा किदोगो', थोडं कमी करा. मसाले, कापड, कोरीव वस्तू यांत घासाघीस चालते, चहा-नाश्त्यात आणि भाड्याच्या ठरल्या दरांत नाही. कांगा जोडीने विकतात, त्या जोडीला 'दोती' म्हणतात. प्रत्येकावर खालच्या बाजूला एक ओळ छापलेली असते. ती वाचून घेतल्याशिवाय विकत घेऊ नका. काही ओळी आईच्या मायेच्या असतात, काही शेजारणीला किंवा सवतीला मारलेले टोमणे. असा टोमणा तुम्ही यजमानबाईंना भेट दिलात तर त्या काहीच बोलणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

गल्लीत मागे लागणाऱ्या वाटाड्यांना 'हापाना, आसांते' एकदाच, हसून आणि न थांबता म्हणा. सुटका करून घ्यायला 'लाब्दा केशो', कदाचित उद्या, मुळीच म्हणू नका. उद्या तो खरंच येतो, तुमचा चेहरा ओळखतो, आणि आता शब्द मोडणारे तुम्ही असता. त्यांना 'पपासी' हे नाव पडलंय. त्याचा अर्थ गोचीड, तेव्हा ते तोंडावर वापरू नका.

निघताना उठून सरळ दाराकडे जायचं नाही. आधी निघतोय असं सांगायचं, मग घरच्यांची पुन्हा थोडी विचारपूस. यजमान तुमच्याबरोबर गल्लीच्या वळणापर्यंत येतात, याला 'कुसिंदिकिझा' म्हणतात. "कशाला त्रास" असं म्हणून त्यांना दारातच अडवू नका, बरोबर चाला. बरंच अंतर झालं की तुम्हीच थांबून म्हणा, "आसांते, इनातोशा", पुरे आता. ते म्हणतील "करिबू तेना", पुन्हा या. त्याला उत्तर "इन्शाल्ला".