प्लेटलेट नेमकी कुठे चिकटली, ते आधी बघा

धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर, म्हणजे प्लाक, फुटतो, खालचं कोलॅजन उघडं पडतं, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) तिथे चिकटतात आणि हार्ट अटॅक येतो, इतकं सगळ्यांना पाठ असतं. या विषयात नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा पुढचा भाग येतो. बंद धमनी उघडून रक्त पुन्हा वाहू लागलं, तरी पुढच्या बारीक वाहिन्यांत अस्तर शाबूत असतानाही प्लेटलेट्स थबकतात. ऑक्सिजनवाचून राहिलेल्या एंडोथेलियल (अस्तराच्या) पेशी पी-सिलेक्टिन हे चिकटवणारं प्रथिन पृष्ठभागावर आणतात, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाचे लांब धागे बाहेर सोडतात आणि प्लेटलेट्स त्यात अडकतात.

आता खड्डा कुठे आहे ते सांगते. कल्चरमधल्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अस्तराच्या पेशींचा ऑक्सिजन कमी केला, मग परत दिला, वरून प्लेटलेट्स सोडल्या आणि चिकटलेल्यांचा आकडा वाढला. लगेच हुरळून जाऊ नका! ऑक्सिजन तुटला की पेशी आक्रसतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात, फटीतून खालचा फायब्रोनेक्टिन-कोलॅजनचा थर डोकावतो आणि प्लेटलेट्स तिथेच जाऊन बसतात. मोजता फटी, लिहिता ‘एंडोथेलियमला चिकटल्या’. हे लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतो. व्हीई-कॅडहेरिनने (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) पेशींच्या कडा रंगवा, सीडी४१ने (प्लेटलेटवरचं प्रथिन) प्लेटलेट्स, आणि एकाच चित्रात बघा. कडेची रेषा तुटलीय तिथे प्लेटलेटच्या ठिपक्यांचे पुंजके आहेत, की ठिपके पेशीच्या अंगावर विखुरलेत? दोन्ही वेगवेगळे मोजा. प्लेटलेट ओळखायला पी-सिलेक्टिन वापरू नका, ते प्लेटलेट आणि अस्तराची पेशी, दोघींकडेही असतं.

प्लेट रीडरवर माझा राग आहे, लपवत नाही. हे मोजणारं यंत्र अख्ख्या वेलचा (प्लेटमधल्या एका खळग्याचा) एकच आकडा देतं, प्लेटलेट कुठे बसली ते कधीच सांगत नाही. शिवाय स्थिर वेलमध्ये व्हॉन विलेब्रँडचे ते धागे ताणलेच जात नाहीत, त्याला प्रवाह लागतो. जो गाईड फक्त आलेख मागतो आणि मायक्रोस्कोपपाशी कधी येत नाही, त्याच्याकडे या विषयासाठी जाऊ नये, असं माझं मत.

बाकी फार अवघड नाही. डोळा बसतो, हातही बसतो. रक्त देणाऱ्याने गेल्या ७ ते १० दिवसांत ॲस्पिरिन घेतली का ते विचारा. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने त्यांचा आकार बदलतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमध्ये कॅल्शियम बांधलं जातं, त्यामुळे घट्ट चिकटणं कमी दिसलं तर दोष पेशींना देण्याआधी ते तपासा. आणि जीपी-वन-बी (प्लेटलेट ज्याने ते धागे धरते ते प्रथिन) व पी-सिलेक्टिन रोखणाऱ्या अँटिबॉडीज आधी वेगवेगळ्या लावा, एकत्र नंतर.