डिझेल गाडीचं काम घरी करताय? मग जवळचा जाणकार आधी गाठा आणि त्याला नीट पारखून घ्या

पाने, सॉकेट, जॅक, स्टँड, हातमोजे, गाडीचं मॅन्युअल आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारा एक साधा स्कॅनर तुमच्याकडे आहे असं धरून चालतो, नसेल तर आधी ते जमवा. ऑइल बदलणं, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरच्या तळाला साठलेलं पाणी सोडणं, या कामांना कुणाची मदत लागत नाही, त्यासाठी उगीच माणसं गोळा करू नका. फक्त गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर ऑइल कमी राखेचंच, म्हणजे मॅन्युअलमध्ये एसीईए (युरोपातली ऑइलची प्रतवारी) सी२, सी३ असं जे काही लिहिलं असेल तेच. "कुठलंही टाका, काय फरक पडतो" म्हणणारा भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

मदत लागते ती इंधनाच्या लाइनला हात लावल्यावर. फिल्टर बदलला आणि गाडी चालूच होईना, हिटर प्लग (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून आत तापणारा) काढायला गेलो आणि तो हलेना, इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडातून फस फस आवाज येतोय, असल्या वेळी. आणि त्या वेळी "गाडी टाकून जा, संध्याकाळी या" म्हणणारा माणूस आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो पाना आपल्या हातात राहू देऊन शेजारी उभा राहणारा, आणि "आता थांबा" हे वेळेवर सांगणारा.

तो शोधायचा कुठे? लोक सांगतात एखादा चांगला मेकॅनिक बघा, हा सल्ला म्हणजे काहीच न सांगणं. मी सुरुवात करतो स्पेअर पार्टच्या काउंटरवरून, पण तिथे "चांगला मेकॅनिक कोण" असं विचारत नाही, कारण मग तो आपल्या ओळखीतला कुणीतरी चिकटवतो. मी विचारतो की या इंजिनाचा डिझेल फिल्टर, इंजेक्टरचे तांब्याचे वॉशर, हिटर प्लग असलं सामान सुटं सुटं स्वतःसाठी नेणारं कोण येतं का. काउंटरवाल्याला ते बरोबर माहीत असतं. दुसरी जागा म्हणजे पंप आणि नोझल दुरुस्त करणारे, ज्यांच्याकडे इंजेक्टर टेस्ट करायचा बेंच असतो, हे लोक बोलायला जरा तुटक असतात पण डिझेल खरं यांनाच कळतं. तिसरं, तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थांमधले डिझेल शिकवणारे मास्तर, त्यांना समजावून सांगायची सवयच असते. ट्रॅक्टर-जनरेटरची कामं करणारे फिटरही चालतील, पण तुमची गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची असेल तर. का ते खाली येतंच.

अजून एक, शोधताना गाडी सांगू नका, इंजिन सांगा. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन फियाटमध्ये आहे, सुझुकीत आहे, ओपेलमध्येही आहे. रेनोचं १.५ डीसीआय, म्हणजे के९के, निसानमध्येही बसतं. तुमचं मॉडेल ठेवणारा जवळपास कुणी नसेल, पण तेच इंजिन दहा वर्षं उघडून बसवणारा दोन गल्ल्या सोडून असू शकतो.

भेटायला जाताना इंजिन कोड, वर्ष, किलोमीटर, फॉल्ट कोडचा आकडा, धुराचा रंग, त्रास थंड इंजिनावर होतो का गरम, आणि आतापर्यंत काय काय उघडलं, एवढं कागदावर न्या असं नाही म्हणत, पण फोनमध्ये तरी लिहून ठेवा. सकाळच्या पहिल्या सेल्फचा (स्टार्टरचा) आवाजासकट व्हिडिओ असेल तर उत्तम. आणि स्वतः केलेला घोळ लपवायचा नाही, डॉक्टरशी खोटं बोलल्यासारखं होतं ते.

आता मुख्य भाग, जिथे मी स्वतः आपटलोय. माणूस मिळणं सोपं आहे, तो डिझेलमधला आणि त्यातही *तुमच्या* डिझेलमधला आहे का हे ओळखणं अवघड.

माझी गोष्ट सांगतो. कॉमन रेलची गाडी, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणारी, डिझेल फिल्टर बदलला, सगळं पुसून-बिसून बसवलं, आणि सेल्फ मारला तर नुसतं कुंथणं. एअर घेतली, म्हणजे इंधनाच्या लाइनमध्ये हवा शिरली, हे कळत होतं. ओळखीतल्या एका अनुभवी माणसाला बोलावलं, हात खरोखर चांगला त्याचा, तो येऊन म्हणाला इंजेक्टरवरचे नट ढिले कर आणि सेल्फ मार, फेस येऊन नुसतं डिझेल यायला लागलं की आवळ. मी पानासुद्धा लावला होता नटाला. मॅन्युअलमध्ये त्याच पाइपवर मोठा इशारा छापलाय हे ऐन वेळी आठवलं म्हणून हात मागे घेतला. पण सेल्फ मारत राहिलो, मारत राहिलो, बॅटरी बसेपर्यंत.

गंमत म्हणजे तो माणूस खोटं सांगत नव्हता. जुन्या रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाडीत एअर तशीच काढतात, पिढ्यान्पिढ्या तशीच काढलीय. पण कॉमन रेलमध्ये चालू इंजिनाला त्या पाइपात १६०० ते २००० बार, नव्या गाड्यांत त्याहून जास्त दाब असतो. नट ढिला असताना इंजिनाने पकड घेतली तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर बघू उद्या असं नाही, लगेच हॉस्पिटल, आणि तिथे "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं, बोट जायची वेळ येऊ शकते. गळती शोधायची तर हात फिरवून कधीच नाही, पुठ्ठा धरून.

दुसरी चूक माझीच, ते सेल्फ मारत राहणं. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, तो कोरडा फिरला की आतून घासतो आणि ती धातूची पूड थेट इंजेक्टरात. १० सेकंद सेल्फ, मग मिनिट-दोन मिनिटं थांबणं, आणि दोन-तीन वेळात झालं नाही तर बंद. चौथ्यांदा मारून काही वेगळं होत नसतं.

शेवटी पंपाच्या कामातला एक म्हातारा फिटर आला. आला आणि काहीच बोलला नाही, आधी विचारलं, "टाकीत मोटर आहे का याला?" म्हणजे डिझेल पुढे ढकलणारी. नव्हती, पंप स्वतः ओढून घेणारी सिस्टिम. मग त्याने फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या लाइनमध्ये बोटभर पारदर्शक पाइप जोडला, हाताच्या प्रायमरने, म्हणजे दाबून डिझेल ओढायच्या छोट्या पंपाने, डिझेल ओढलं आणि मला म्हणाला, बघ. मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक, थांबायचं नावच नाही. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग मी कोरडीच बसवली होती, ती एका जागी चिमटली होती. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर दिसत नाही हो, डिझेल थेंबभरही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे मी फडकं घेऊन कितीही पुसून बघितलं असतं तरी कळलं नसतं. नवी रिंग, तिला डिझेलचा हात, पुन्हा प्रायमिंग, पाइप स्वच्छ दिसायला लागला आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

तेव्हापासून माझी परीक्षा ठरलीय. नव्या माणसाला मी सहज विचारतो, "फिल्टर बदलल्यावर एअर कशी काढायची?" जो लगेच उत्तर देतो तो बाद, उत्तर बरोबर असलं तरी बाद. जो उलट विचारतो, "इंजिन कुठलं? प्रायमर हाताचा आहे का टाकीत मोटर?" तो आपला माणूस. मोटर असली तर किल्ली नुसती ऑन करून थांबायचं, बंद करायची, असं चार-पाच वेळा करायचं असतं, सेल्फ मारायचाच नसतो, आणि हे त्याला न विचारता सांगता आलं पाहिजे.

मग हिटर प्लगचं विचारतो. "पाना लाव आणि जोर दे" म्हणणारा माझ्या गाडीजवळ येणार नाही. इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशीपासून जाम सोडवायचं तेल मारून, थोडं पुढे थोडं मागे करत, आणि अडलाच तर सोडून देणं, हे उत्तर हवं, कारण प्लग आत तुटला की हेड उतरवण्यापर्यंत काम जाऊ शकतं. इंजेक्टर काढून बसवायचं म्हटलं तर तांब्याचा वॉशर नवा, आणि बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, हे दोन्ही त्याच्या तोंडून आलं पाहिजे. आणि जो पहिल्या पाच मिनिटांत "डीपीएफ काढूनच टाकू" म्हणतो त्याच्याशी वाद घालू नका, निघा. डीपीएफ भरतोय म्हणजे त्याच्या मागे काहीतरी कारण आहे, इंजेक्टर गळतोय, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, नाहीतर गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालतेय आणि आतली काजळी जाळायला लागणारी ६०० अंशांची गरमी तिला कधी मिळतच नाही. ते कारण शोधणारा माणूस हवा.

पैशाचं आधीच बोला. तासावर ठरवा, आणि त्याने हात न लावता नुसतं सांगितलं तरी द्या, त्याच्या डोक्याचे पैसे आहेत ते. त्याच्या पेटीतला पाना न विचारता उचलू नका.

काय तुम्ही करणार आणि काय त्याच्यावर सोडणार हेही तेव्हाच ठरू दे. माझ्यापुरतं म्हणाल तर कमी दाबाच्या लाइन, फिल्टर, सेन्सर, प्लगची वायरिंग हे माझं, आणि पंप किंवा इंजेक्टर *उघडणं* बेंचवाल्याचं. घरच्या टेबलावर इंजेक्टर खोलून साफ करायचे सल्ले देणाऱ्यांना मी मोजत नाही.

पहिलं काम दोघांनी मिळून करायचं ते डिझेल फिल्टरचंच. नव्या फिल्टरमध्ये डिझेल भरायचं असेल तर मधल्या भोकातून ओतू नका, फिरवून आवळायच्या बहुतेक फिल्टरांत ती गाळलेली बाजू असते, तुमच्या फिल्टरची कुठली ते त्याला विचारून घ्या, मी तर ओततच नाही, प्रायमरने भरतो. बसवल्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर वरच लिहा. आणि जुना फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद पांढऱ्या ताटलीवर उलगडा आणि उन्हात त्याला दाखवा. काळपट असला तर ठीक, पाण्याचे थेंब दिसले तर टाकीकडे बघावं लागेल, आणि चांदीसारखी बारीक चमक, म्हणजे धातूची पूड, दिसली तर त्या दिवशी पुन्हा सेल्फ मारू नका, पंप उतरवायची तयारी करा.